पायरी चौदा: चहा

घरात जुन्या चार्जरांचा एक खण असतो. कुणी तो मुद्दाम भरत नाही, पण दर वर्षी तो उघडायला जरा जास्त जोर लावावा लागतो. आमच्या शुक्रवारच्या बैठकीतल्या किश्शांचं तसंच झालंय. एक सांगायला काढावा, तर त्याच्या वायरीत अडकून आणखी चार बाहेर येतात! तेव्हा आज खण पुरता उपडाच करतो. माझ्या डायरीत सगळ्याची नोंद आहे, त्यामुळे पराग नंतर काहीही म्हणाला तरी घडलं ते असंच घडलं.

आधी माणसं सांगतो. मी शिर्के, मूळचा कराडचा. बहरीनमध्ये एअर कंडिशनिंगच्या देखभालीचं काम बघतो. नझीरभाई दापोलीकडचे, बंदरातला माल सोडवणाऱ्या एका क्लिअरिंग ऑफिसात क्लार्क. गुदैबियातल्या आमच्याच बिल्डिंगमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. पराग पुण्याचा, राहतो सलमानियात, नोकरी बँकेत. आमच्याहून वीस वर्षांनी लहान आहे आणि त्याला सगळं येतं. हे तो स्वतःच सांगतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसने जुने कॉम्प्युटर बदलले आणि ज्याला हवे त्याने घेऊन जावेत असं सांगितलं. मी एकसारखे तीन उचलले. एक मला, एक नझीरभाईंना, एक परागला. तिन्हींवर लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकली आणि ती म्हातारी मशीनं टुणटुणीत पळायला लागली. मी कुठला कोर्स वगैरे केलेला नाही. जे केलं ते क्रमाने लिहून ठेवायचं आणि पुन्हा अडलं की वाचायचं, एवढीच माझी विद्या.

माझ्याकडचं मशीन खरं तर माझं नाहीच. ते माझ्या बायकोचं, वैशालीचं. गेली सहा वर्षं ती घरी मुलांना मराठी शिकवते. अकरा मुलं. सहा जण समोर सतरंजीवर बसतात, पाच जण टीव्हीच्या पडद्यावर. त्यांच्या आईवडिलांच्या बदल्या झाल्या, कुणी मस्कतला गेलं, कुणी परत नाशिकला, पण वर्ग सोडायला कुणी तयार नाही. सहा वर्षांचे धडे, गाणी, मुलांच्या आवाजातल्या कविता, सगळं त्या एका डब्यात.

मुलं गुणी आहेत. त्यांना सगळं समजतं. उत्तर मात्र इंग्रजीत! त्यात आमची ऋता पहिली. वय तेरा. "ऋता, पाणी आण गं," म्हटलं की पाणी लगेच येतं, आणि पाण्याबरोबर "हिअर, बाबा" येतं.

वैशाली म्हणायची, "सहा वर्षांत एकाने तरी, मी न सांगता, आपणहून एक मराठी वाक्य बोलावं. मी पेढे वाटीन!"

तर फेब्रुवारीत पडद्यावर सूचना आली. आमच्या लिनक्सची आवृत्ती फार जुनी झाली आहे, आणि मे महिन्यापासून, ज्यावर वर्ग भरतो ते व्हिडिओचं पान तिच्यावर उघडणार नाही. मेच्या पहिल्या शुक्रवारीच वैशालीचा 'गोष्टींचा दिवस' ठरलेला! प्रत्येक मुलाने मराठीत एक गोष्ट सांगायची आणि भारतातल्या आजी-आजोबांनी ती पडद्यावर ऐकायची.

पराग म्हणाला, "काकू, माझा लॅपटॉप घ्या ना."

पण तो बँकेचा. त्यावर व्हिडिओचं पान तर सोडाच, परागला स्वतःच्या मुलीचा फोटोसुद्धा लावता येत नाही.

मग वैशालीने मला समोर बसवलं. "अहो, स्पष्ट सांगा. हे मशीन मेपर्यंत धड होणार की नाही? सगळ्या आजी-आजोबांसमोर फजिती झाली, तर मी वर्ग बंद करणार. अर्धी मुलं पडद्यातली. पडदाच चालत नसेल तर कसला वर्ग!"

"होणार," मी म्हणालो. डायरीत तसं लिहिलं आणि खाली सही केली.

तिने पेन घेतलं आणि माझ्या सहीखाली लिहिलं, "बघू." आणि तिनेही सही केली!

*

एकदम वैशालीच्या मशीनला हात लावायचा नाही, असं मी ठरवलं. तिन्ही मशीनं सारखी आहेत, तर आधी परागचं करू, मग नझीरभाईंचं, शेवटी आमचं. प्रत्येक पायरी वहीत.

पराग म्हणाला, "शिर्केकाका, यात वही कशाला? टर्मिनलमध्ये एक कमांड मारली की खलास!"

पहिला शुक्रवार, परागचं घर. परागने कमांड मारली. डाऊनलोड सुरू झालं आणि खाली आकडा आला: पाच तास.

शुक्रवारी सकाळी सगळं सलमानिया आणि गुदैबिया आपापल्या गावाकडे व्हिडिओवर बोलत असतं. नेट कुठून मिळणार?

नझीरभाई घड्याळ बघून उठले. जुम्म्याच्या नमाजाची वेळ झाली होती. बूट घालता घालता म्हणाले, "मी येईपरेंत होईल, इंशाल्ला."

पराग हसला. "नझीरभाई, पाच तास दाखवतंय. इंशाल्ला काही प्रोग्रेस बार नाही!"

नझीरभाईंनी डोक्यावर टोपी चढवली. गेले.

ते गेल्यावर गल्ली शांत झाली. दुकानांची शटरं अर्धी खाली आली. खालच्या हॉटेलातला गलका थांबला. आणि आमच्या डोळ्यांसमोर पाच तासांचे दोन झाले, दोनाचा पाऊण झाला. निम्मं सलमानिया नमाजाला गेलं होतं आणि सगळं नेट आम्हाला मोकळं!

नझीरभाई परत आले तेव्हा पडद्यावर अठ्ठ्याण्णव टक्के होते. त्यांनी टोपी काढून घडी केली, खिशात ठेवली आणि परागकडे बघून एवढंच म्हणाले, "बगा."

त्या दिवसापासून वहीतली पायरी आठ अशी आहे: "डाऊनलोड. शुक्रवारी, नमाजाच्या वेळी."

*

त्याच दुपारी पुढची गंमत.

डाऊनलोड संपलं आणि मशीनने प्रश्न विचारला. एक जुनी फाईल आहे, तिच्यात तुम्ही पूर्वी बदल केलेले दिसतात. ती तशीच ठेवू की नवी टाकू? वाय म्हणजे नवी, एन म्हणजे जुनी.

पराग म्हणाला, "नवी."

मी म्हणालो, "चालू आहे ते काढायचं कशाला? जुनीच ठेवू."

नझीरभाई म्हणाले, "फाईल कसली हाय, ते तरी बगा आधी."

कुणालाच माहीत नव्हतं. आता आम्ही तिघंही इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कमिट्यांवर वर्षानुवर्षं काम केलेली माणसं. आमचे हात आपोआप त्या सवयीकडे गेले. नझीरभाईंनी ठराव मांडला: जुनी फाईल कायम ठेवावी. मी अनुमोदन दिलं. परागने हरकत घेतली. हरकतीवर चर्चा झाली. मग परागने उपसूचना मांडली, की आत्ता जुनी ठेवावी आणि नव्या फाईलचा विचार पुढच्या बैठकीत करावा. ती एकमताने मंजूर झाली. मी वहीत लिहिलं, "ठराव क्रमांक एक: एन."

या सगळ्याला चाळीस मिनिटं लागली.

ऋता तेव्हा माझ्याबरोबर आली होती, सोफ्यावर पुस्तक वाचत होती. ती उठली, पडद्यापाशी गेली आणि म्हणाली, "बाबा, इट सेज डिफॉल्ट इज एन. यू कुड हॅव जस्ट प्रेस्ड एंटर."

आम्ही तिघांनी वाकून बघितलं. खरंच!

नझीरभाईंनी शांतपणे मला सांगितलं, "लिवा. ठरावाला मशीनचाबी पाठिंबा हाय."

*

मग मशीन पुन्हा सुरू करायची वेळ आली. पायरी तेरा. परागने बटन दाबलं. कंपनीचं चिन्ह आलं, गेलं, आणि पडदा काळा.

एक मिनिट. दोन मिनिटं.

"हँग झालं," पराग म्हणाला.

मी म्हणालो, "थांब जरा."

"काका, मी बँकेत रोज बघतो हे. असंच करायचं असतं." आणि त्याने पॉवरचं बटन दाबून धरलं. पुन्हा चालू केलं. पुन्हा काळं. पुन्हा दाबलं. तिसऱ्या वेळेला काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या पंधरा ओळी आल्या आणि त्यानंतर ते मशीन काही केल्या उठेना.

परागची बायको मुग्धा आतून आली, पडदा बघितला आणि म्हणाली, "वा! आता शुक्रवारी संध्याकाळी तू आमच्याशी बोलशील म्हणायचं."

पुढच्या शुक्रवारी सगळं पहिल्यापासून. बॅकअपवरून जुनी आवृत्ती परत टाकली, नमाजाच्या वेळी डाऊनलोड, ठराव क्रमांक एकची अंमलबजावणी, आणि पायरी तेरा. पडदा काळा. परागचा हात बटनाकडे निघाला.

तेवढ्यात मुग्धा चहाचा ट्रे घेऊन आली. तिने ट्रे नेमका पराग आणि मशीन यांच्या मधोमध ठेवला. "आधी चहा घ्या. आलं घातलंय."

आम्ही वळून बसलो. चहा घेतला. नझीरभाईंनी दापोलीच्या कुणा मावशीच्या आंब्याच्या कलमांची हकिकत सांगितली. ती लांबली. दुसरा कप झाला. मी मागे वळलो तर पडद्यावर नव्या आवृत्तीचं सुंदर चित्र! पासवर्ड मागत उभं!

पराग इतक्या जोरात ओरडला की शेजारच्या फ्लॅटवाल्याने भिंत वाजवली.

मी वही उघडली. जे घडलं ते क्रमाने लिहायचं, हा माझा नेम. पायरी नऊला मी डोळ्यांत थेंब घातले होते. डॉक्टरांनी दिवसातून तीनदा सांगितलेत. तेही लिहिलेलं होतं. मग लिहिलं:

"पायरी तेरा: रीस्टार्ट. पायरी चौदा: चहा. दोन कप. पायरी पंधरा: पासवर्ड."

*

रमजान सुरू झाला. नझीरभाईंचं ऑफिस दुपारी लवकर सुटायला लागलं. एक दिवस ते वर आले. "शिर्केभाऊ, वही द्या. म्या करतंय माजं मी. तुमी कामावर हाव, मी घरी. लिवलंय तसं करनार."

मला अभिमान वाटला. माझी वही पहिल्यांदा माझ्याशिवाय चालणार होती!

दुपारी तीनला साईटवर फोन आला. "नववी पायरी. डोळ्यांचे थेंब. माज्याकडं नाय. मेडिकलमधून आनू?"

मी म्हणालो, "अहो नझीरभाई, ते माझे आहेत! मशीनचे नाहीत. ती पायरी गाळा."

"असं होय," म्हणाले. फोन ठेवला.

साडेचारला पुन्हा फोन. आवाज पडलेला. "मशीन गेलं."

घरी येऊन बघतो तर पांढऱ्या अक्षरांच्या त्याच पंधरा ओळी! मी वहीवर बोट ठेवून एकेक विचारत गेलो. बॅकअप? घेतला. डाऊनलोड? केलं. रमजानची दुपार, सगळे झोपलेले, नेट मोकळं. एन? दाबलं. रीस्टार्ट? केलं.

"मग?"

"मग पडदा काळा. पंदरावी पायरी पासवर्ड. काळ्या पडद्यावर पासवर्ड टाकनार कुटं? म्हून बटन दाबलं."

"आणि चौदावी?"

नझीरभाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काही चूक करतोय. "शिर्केभाऊ, रोजा हाय माजा! चहा कसा घेनार? डोळ्यांचे थेंब तुमचे होते, तसा चहाबी तुमचाच असनार, असं समजून ती पायरी गाळली."

मी वही मिटली. माणसाने लिहिल्याप्रमाणेच केलं होतं. चूक वहीची होती!

दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं. या वेळी वेळ जुळवली. मगरिबच्या, म्हणजे रोजा सोडायच्या अजानला दहा मिनिटं असताना पायरी तेरा. पडदा काळा. अजान झाली, नझीरभाईंनी खजूर घेतला, मग पाणी, मग फळं. भाभींनी भजी आणली. आणि शेवटी चहा आला. दुसरा कप अर्धा झाला असेल, तेवढ्यात पडदा लागला.

नझीरभाईंनी कप खाली ठेवला, दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "या मशीननंबी रोजा सोडला!"

*

आता वहीची स्वच्छ प्रत काढायची होती. वैशालीच्या मशीनसाठी. पुढच्या शुक्रवारी आमच्या घरी बैठक बसली.

पराग म्हणाला, "काका, आता हे जरा प्रोफेशनल करा. थेंब काढा, ठराव काढा, चहा काढा. तिथे लिहा, डिस्क तपासणी, बारा ते पंधरा मिनिटं, प्रतीक्षा करावी."

नझीरभाई सरसावून बसले. "थेंब काडा. ठराव काडा. चहाला हात लावू नका!"

"अहो पण नझीरभाई, चहाने मशीन सुरू होत नाही!"

"माज्याकडं चहाविना बंद पडलं आनि चहासंगट चालू झालं. तुज्याकडंबी तसंच. दोन मशीनं, दोन साक्षी. आनि तुला पंदरा मिनटं प्रतीक्षा करावी असं लिवलं, तर तू करशील?"

पराग आपल्या हातांकडे बघायला लागला.

"कप हातात असला की मानूस बटन दाबत नाय. म्या सांगतंय."

वैशाली स्वयंपाकघरातून हे ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "नझीरभाईंना माझं अनुमोदन. तुमच्या वहीतली तेवढी एकच पायरी मला कळते."

ठराव क्रमांक दोन. पायरी चौदा कायम!

ऋता मान खाली घालून हसत होती. "यू गाईज आर क्रेझी," म्हणाली. "आय डोंट इव्हन लाइक टी."

*

बॅकअपचाही एक किस्सा आहे, छोटासा.

वैशालीचे सहा वर्षांचे धडे मी एका डिस्कवर उतरवून घेतले. पाकिटाएवढी, काळी डिस्क. तिच्या हातात दिली आणि म्हणालो, "ही अशा जागी ठेव, की जिथे कुणी चुकूनसुद्धा हात लावणार नाही. यात सगळा वर्ग आहे."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, पूजा करताना बघतो तर डिस्क देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या शेजारी. तिच्यावर हळदीकुंकू आणि एक फूल!

"अगं, हे काय?"

"तुम्हीच म्हणालात, कुणी हात लावणार नाही अशी जागा. ऋता इथे हात लावते का? तुम्ही शुक्रवारशिवाय लावता का?"

परागने ते बघितल्यावर फोटो काढला आणि बँकेतल्या त्यांच्या आयटीच्या साहेबाला दाखवला. साहेब केरळचे. त्यांनी बराच वेळ फोटो बघितला आणि म्हणाले, "व्हेरी गुड. ऑफलाइन बॅकअप. वी शुड ऑल्सो डू."

*

आता शेवटचा.

आमच्या मशीनचा मुहूर्त कार्यक्रमाच्या आधीच्या शुक्रवारचा होता. मी मुद्दाम एक आठवडा हाताशी ठेवला होता. पण त्या शुक्रवारी दुरुस्तीसाठी सबंध बिल्डिंगची वीज दिवसभर बंद. आणि नंतरचा आठवडा असा तापला, की बहरीनमधला प्रत्येक एसी जणू माझं नाव घेऊन बंद पडायला लागला. रोज घरी येऊन जेवायचं आणि आडवं व्हायचं, एवढीच ताकद उरायची.

म्हणजे उरला तो कार्यक्रमाचाच दिवस. कार्यक्रम दुपारी चारला, भारतात तेव्हा साडेसहा. न करून चालणार नव्हतं, कारण मे लागला होता आणि व्हिडिओचं पान खरोखरच उघडेनासं झालं होतं.

वैशालीने सकाळी डायरीचं ते दोन सह्यांचं पान उघडून माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं.

मी सुरुवात केली. पायरी एक, दोन, तीन, सगळं घड्याळासारखं. नमाजाच्या वेळी पायरी आठ लावली. डाऊनलोड पळायला लागलं आणि फोन वाजला. एका गोदामातलं कूलिंग सगळं बंद. आत औषधं. माझ्याशिवाय तिथे चावी कुणाकडे नव्हती.

मी वैशालीला म्हणालो, "कशाला हात लावू नकोस. मी दोनपर्यंत येतो."

ती म्हणाली, "या." बस्स.

दोनाचे अडीच झाले, तीन झाले. गोदामाच्या तळघरात फोनला रेंज नाही. कूलिंग सुरू झालं तेव्हा सव्वातीन झाले होते. गाडीत बसून फोन बघितला तर घरून एकही मिस्ड कॉल नाही! मला बरं वाटायला हवं होतं. उलट मी गाडी जोरात काढली. काही विचारायलासुद्धा कुणी मला फोन केला नव्हता, म्हणजे सगळं संपलेलं दिसत होतं. वाटेतल्या प्रत्येक सिग्नलला मला ते डायरीतलं 'बघू' दिसत होतं.

लिफ्ट वर अडकलेली. तीन मजले चढून गेलो. चारला वीस मिनिटं कमी. दार उघडंच होतं, दारात चपलांचा ढीग.

आत शिरलो आणि आधी टीव्हीकडे बघितलं.

टीव्ही काळा. पुरता काळा. त्याच्यासमोर सतरंजीवर मुलं ओळीने बसलेली, ईसा टाउनहून आलेली दोघं जुळी भावंडंसुद्धा, सगळी नव्या कपड्यांत. प्रत्येकाच्या हातात कप. सगळ्यांचे डोळे पडद्यावर. मागे खुर्च्यांवर आया बसलेल्या, त्यांच्याही हातात कप. नझीरभाई आणि भाभी कोपऱ्यात, त्यांच्याही हातात कप. पराग भिंतीला टेकून उभा होता आणि त्याच्या दोन्ही हातांत एक मोठा जड ट्रे. तो ट्रे खाली ठेवायची त्याला परवानगी नव्हती, हे मला नंतर कळलं. हात मोकळे राहू नयेत, ही वैशालीची योजना!

मशीनपुढच्या खुर्चीत ऋता. मांडीवर माझी वही उघडी, तेराव्या पायरीपर्यंत बरोबरच्या खुणा केलेली. शेजारी वैशाली.

मला त्यातलं काहीही दिसलं नाही. मला फक्त काळा पडदा दिसला, आणि वीस मिनिटं दिसली. तीन महिने ज्याने सगळ्यांना थांब थांब म्हटलं, तो मी, मुलांच्या मधून वाट काढत पुढे गेलो आणि माझा हात सरळ पॉवरच्या बटनाकडे गेला.

ऋताने कप न सांडता दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं.

"बाबा, हात लावू नका. चौदावी पायरी चाललीय. माझा दुसरा कप संपायचाय अजून."

नझीरभाईंचा कप ओठांपाशीच राहिला. वैशालीने माझ्याकडे बघितलं नाही, ऋताकडेही बघितलं नाही. तिने पदर डोळ्यांना लावला आणि किटलीकडे हात केला. "अहो, उभे काय राहिलात? कप घ्या. बसा खाली."

मी मुलांच्या ओळीत सतरंजीवर बसलो. जुळ्यांपैकी एकाने मला जागा करून दिली. परागने ट्रे माझ्यापुढे केला. मी कप उचलला. सगळे मिळून चहा घेत राहिलो.

ऋताने शेवटचा घोट घेतला. तोंड वाकडं केलं. कप खाली ठेवला, पेन घेतलं आणि वहीत चौदाव्या पायरीपुढे बरोबरची खूण केली.

पडदा लागला.

चारला चार मिनिटं असताना टीव्हीवर पहिली दिसली ती नाशिकची आजी. खोलीभर कप बघून ती गडबडली.

"अगं बाई, आम्ही लवकर आलो की काय? तुमचा चहा चाललाय वाटतं अजून!"

ऋता माइककडे वाकली.

"नाही आजी, झाला. आता पासवर्ड पण टाकला. सांगू का गोष्ट?"